घट्ट खाणं सुरू केलं आणि पिल्लू टाकायला लागलं

प्रश्न : आमच्या जर्मन शेफर्ड कुत्रीला पिल्लं झाली. त्यातलं एक अंगावर पीत होतं तोवर ठीक होतं. दूध-पोळी, भात सुरू केल्यापासून खाल्लेलं तसंच्या तसं बाहेर टाकतं आणि लगेच तेच खायला धावतं. भावंडं गुबगुबीत झाली, याच्या बरगड्या दिसतात. जंताचं आणि उलटीचं औषध देऊन झालं. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : उलटीचं औषध आधी बंद करा, कारण ही उलटी नाहीच. उलटीआधी कुत्रं लाळ गाळतं, पोट आत ओढून कळा काढतं, मग पित्त किंवा अर्धवट पचलेलं अन्न पडतं. तुमचं पिल्लू नुसती मान खाली घालतं आणि घास घरंगळतो. अन्न पोटापर्यंत पोचतच नाही.

दूध उतरतं, पोळी अडते, म्हणून मला पहिला संशय जन्मजात दोषाचा येतो. गर्भात महाधमनी डावीकडे तयार व्हायची ती उजवीकडे होते आणि हृदयाजवळचा एक बंध अन्ननलिकेला आवळून धरतो. हा बंध शस्त्रक्रियेने कापता येतो. मात्र उशीर झाला तर वरची फुगलेली नळी पुन्हा पूर्ववत होईलच असं नाही. दुसरी शक्यता मेगाइसोफॅगसची. त्यात नळीच सैल पडलेली असते, घास पुढे ढकलत नाही. जर्मन शेफर्डमध्ये दोन्ही आढळतात. ग्रेट डेन, आयरिश सेटर, लॅब्राडोर, मिनिएचर श्नाउझर यांच्या मालकांनीही हे लक्षात ठेवावं.

छातीचा एक्स-रे लगेच काढा. बेरियम (अन्ननलिका एक्स-रेत ठळक दिसावी म्हणून देतात तो पांढरा द्रव) पाजून फोटो घ्यायचा का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. बेरियम फुप्फुसात गेलं तर नवी भानगड. तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा.

तोवर भरवायचं ते उभं करूनच. नुसती ताटली स्टुलावर ठेवून भागत नाही (हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल). अख्खं अंग उभं हवं. मांडीवर माणसासारखं बसवा आणि खाऊन झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसंच धरा. मोठ्या कुत्र्यांसाठी याच कामाची उंच खुर्ची सुताराकडून करून घेतात, तिला बेली चेअर म्हणतात. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. तुमच्या पिल्लाला सध्या पातळ पेजच बरी. पाणीही उभ्यानेच.

घशात जबरदस्तीने काहीही ओतू नका, हळदीचं दूधसुद्धा नाही. या आजारात कुत्री उपासमारीइतकीच अन्न श्वासनलिकेत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाने दगावतात. खोकला, ताप, धाप, नाकातून शेंबूड यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

आणि हा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो, म्हणून या कुत्रीला पुन्हा पिल्लं होऊ देऊ नका. बाकीची पिल्लं कुणाला दिली असतील तर त्यांनाही हे सांगा. ती धष्टपुष्ट असली तरी त्यांच्यापासून पुढे पैदास नको.