युरिक ॲसिड वाढलंय, चेरीच्या कॅप्सूल घेऊन गोळी बंद करता येईल का?

तुमच्या अण्णांचं युरिक ॲसिड ८ च्या वर गेलंय, पायाचा अंगठा दोनदा सुजून गेलाय आणि पाहुण्यांनी चेरीच्या कॅप्सूल सुचवल्यात. माझं लातुरात मेडिकल आहे, हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका. बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत चढतो. चेरी द्यायचीच असेल तर गोळीच्या जोडीला द्या.

चेरीत दम नाही असं नाही. या कॅप्सूल आंबट चेरीच्या असतात, तिला गडद लाल रंग देणारं ॲन्थोसायनिन सुजेवर काम करतं असं दिसतं. २०१२ साली अमेरिकेतल्या ६३३ गाउटच्या, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याच्या आजाराच्या, रुग्णांचा अभ्यास आला. दोन दिवस चेरी खाल्लेली असेल तर दुखणं उसळण्याचा धोका ३५ टक्क्यांनी कमी दिसला आणि चेरीसोबत ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड कमी करायची गोळीही चालू असेल तर ७५ टक्क्यांनी. तुमच्यासाठी हा दुसरा आकडा मोलाचा. लोकांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवरचा अभ्यास आहे, त्यामुळे चेरीनंच फरक पडला असं छातीठोक म्हणता येत नाही. झोपेसाठी, व्यायामानंतरच्या अंगदुखीसाठीही लोक घेतात, पण तिथले अभ्यास मोजक्या माणसांवरचे.

डबी घेताना मागची बाजू वाचा. पुढं मोठ्या अक्षरात चेरी असते, मागं बारीक अक्षरात कधी अर्क, कधी नुसती पावडर, वर सेलरीच्या बियांचा अर्क मिसळलेला. ॲन्थोसायनिन किती ते छापलेलं असेल आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, नंबर असेल, अशीच घ्या. केकवरची लालभडक चेरी बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं, तिचा यात उपयोग नाही.

आता खाण्याचं. रिपोर्ट आला की आपल्याकडं पहिलं वरण बंद होतं. तुरीच्या बाजारपेठेत राहून म्हातारी माणसं कोरडी भाकरी खातात, हे मला बघवत नाही. डाळींमुळं गाउटचा धोका वाढल्याचं मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही. वाढवतात ते मटण, त्यातही कलेजी, मासे, बियर आणि गोड कोल्ड्रिंक. अण्णांना वाटीभर वरण खुशाल खाऊ द्या. उन्हाळ्यात मात्र पाण्याकडं लक्ष ठेवा. एप्रिल-मेमध्ये दिवसभर रानात राहून तांब्याभर पाण्यावर भागवलं की युरिक ॲसिड वाढतं आणि अंगठा ठणकायला लागतो.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, केली नसेल तर करून घ्या. किडनी कमजोर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर चेरीची डबी आधी डॉक्टरांना दाखवा. शुगर असेल तर चेरीचा ज्यूस नको. आणि पुन्हा सूज आली तर मनानं पेनकिलर आणू नका, त्यातल्या बऱ्याच किडनीवर येतात. माझ्याकडं कुणी तशी मागितली तर मी आधी चिठ्ठी मागतो.