प्रवासाआधी दूध तोडावे का?

पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जायचे आहे, म्हणून वीस महिन्यांच्या मुलीचे अंगावरचे दूध आधीच तोडावे का, असे तुम्ही विचारले आहे. तुम्हाला स्वतःला थांबायचे नसेल, तर केवळ प्रवासासाठी तोडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटना 2 वर्षे आणि त्यानंतरही स्तनपान सुचवते. शिवाय या वयाची बरीच मुले चार-पाच दिवसांच्या खंडानंतर पुन्हा पिऊ लागतात. (माझ्या धाकट्याने तर दारातच पदर ओढला होता.)

तोडायचेच ठरले, तर महिनाभर आधी सुरुवात करून दर चार-पाच दिवसांनी एकेक वेळ कमी करा. दुपारची आधी, झोपतानाची सर्वांत शेवटी. निघण्याच्या आठवड्यात घाईने तोडणे किंवा स्तनाला कडुनिंब लावणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्यामुळे दूध जाण्याचे आणि आई जाण्याचे दुःख मुलावर एकदमच कोसळते आणि तुमची छातीही दगडासारखी होते.

न तोडता जाणार असाल, तर सध्या एवढेच पुरे:

- मुलगी ज्या वेळी पिते, साधारण त्याच वेळी हाताने किंवा पंपाने दूध काढा. पान्हा टिकतो आणि गाठी टळतात.
- बाबा किंवा आजी तिला कसे झोपवणार, त्याची सवय तुम्ही घरी असतानाच लावा.

गाठ दुखून ताप आला, तर मात्र अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवा.