कॅन्सर झालेल्या डॉक्टरचं आत्मकथन वाचताना इंग्रजी शब्द कसे शिकावेत?

तुम्ही विचारलंय की, शब्दसंग्रह वाढवायला एका मरणाऱ्या डॉक्टरचं इंग्रजी आत्मकथन हाती घेतलंत, पण पानोपानी शब्द अडतायत; ते सगळे वहीत उतरवून पाठ करावेत का? आणि कुणाच्या मरणाच्या गोष्टीतून शब्द वेचणं बरं दिसतं का?

मी ठाण्यात राहते. रुग्णांसाठीची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं इंग्रजीतून मराठीत आणणं हे माझं काम, त्यामुळे या शब्दांशी रोजची गाठ आहे. माझं मत असं की अडणाऱ्या शब्दांपेक्षा न अडणाऱ्या शब्दांकडे जास्त लक्ष द्या.

अडणारे शब्द बहुतेक वैद्यकीय असतात आणि ते तुकड्यांनी बनलेले असतात. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं, ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘ओमा’ म्हणजे बहुतेक वेळा गाठ, ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंड, ‘हिपॅटो’ म्हणजे यकृत. एवढ्यावर ‘नेफ्रेक्टमी’ आणि ‘हिपॅटायटिस’ आपोआप उलगडतात. ‘कार्सिनोमा’ ग्रीक खेकड्यावरून आला आणि आपल्या कर्करोगातला कर्कही खेकडाच. असे पंचवीसेक तुकडे वहीत लिहा, की या गटाचं काम झालं.

खरी शिकवण आहे ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत. ते आपल्याला येतात असं वाटतं, म्हणून आपण शब्दकोश उघडतच नाही. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, त्यामुळे ठाणे-पनवेल लोकलमध्ये स्कॅनचे मोठाले लिफाफे सांभाळत बसलेली माणसं नेहमी दिसतात. एकदा शेजारच्या काकूंनी यजमानांचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. यकृतासमोर ‘अनरिमार्केबल’ लिहिलं होतं आणि ते वाचून त्यांच्या मुलाचा चेहरा उतरला होता. रिपोर्टात त्याचा अर्थ एवढाच, की तिथे काही वावगं दिसलं नाही. काकूंना ते सांगितल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि नेरूळ येईपर्यंत सोडला नाही.

असे शब्द पुष्कळ आहेत. ‘प्रोग्रेशन’ ऐकून प्रगती वाटते, पण इथे रोग पुढे सरकलेला असतो. ‘निगेटिव्ह’ ही आनंदाची बातमी असू शकते. ‘इंडोलंट’ म्हणजे आळशी हे आपल्याला पाठ असतं. ट्यूमर इंडोलंट असला तर तो हळू वाढतोय. ‘इन्सल्ट’ म्हणजे मेंदूला किंवा एखाद्या अवयवाला झालेली इजा. आणि ‘पेशंट फेल्ड केमो’ हा प्रयोग तर मला आजही खुपतो. औषध लागू पडलं नाही, पण वाक्यात नापास झाला तो रुग्ण. लेखक स्वतः डॉक्टर असेल तर तो आधी हे शब्द दुसऱ्यांबद्दल वापरतो आणि पुढे तेच त्याच्याबद्दल वापरले जातात. म्हणून नुसता शब्द लिहू नका. कोण, कुणाला, कुठे उभं राहून म्हणालं, तेही शेजारी लिहा.

‘मीडियन’चंच, म्हणजे मध्यकाचंच बघा. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातल्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कॅन्सर झाला. निदानानंतर जगण्याचा मध्यक आठ महिने, असं त्यांनी वाचलं. आपण लगेच ‘आठ महिने उरले’ असा अर्थ घेतो. मध्यक एवढंच सांगतो, की निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्यापुढे जगतात. पुढे किती, ते त्या आकड्यात नसतं. गूल्ड २००२ पर्यंत जगले आणि याच गैरसमजावर त्यांनी लेखही लिहिला. शाळेत शिकलेला गणितातला शब्द असा समोर आला की परत विसरत नाही.

पक्कं करायला आमच्या कामातली एक रीत वापरा. संमतीपत्राचं मराठी भाषांतर झालं की दुसरा भाषांतरकार मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेतो आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून बघतात. तुम्ही एक परिच्छेद मराठीत आणा, आठवडाभर बाजूला ठेवा, मग परत इंग्रजीत न्या आणि लेखकाच्या शब्दांशी ताडा. जिथे तुमचा शब्द वेगळा पडला, तिथे थांबून विचार करा. यादी पाठ करण्यापेक्षा हे हळू होतं, पण शब्द अंगवळणी पडतात.

यासाठी तुमची मराठीही तयार हवी. डॉक्टरांनी हात टेकले, आता अन्नपाणी सुटलं, माणूस ओळखत नाही, हे आपल्याकडे जसं बोलतात तसं लिहिता आलं पाहिजे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. तिथे आजारपणावरची मराठी आत्मकथनं मागा आणि या पुस्तकासोबत वाचा.

शब्द वेचणं बरं दिसतं का? माझ्या मते दिसतं, फक्त पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय करा. हाती थोडेच दिवस उरलेत हे ठाऊक असताना त्या माणसाने एकेक शब्द निवडलाय. तो तितक्याच लक्षपूर्वक वाचण्यात अनादर कसला? मात्र घरात सध्या कुणी गंभीर आजारी असेल, तर तूर्त दुसरं पुस्तक घ्या. तशा दिवसांत यातलं प्रत्येक वाक्य आपल्याच माणसाबद्दल आहे असं वाटत राहतं आणि शब्दांकडे लक्ष लागत नाही.