आधी झील धर

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज तीनदा वाचला. चार गुरुवार झाले, अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या ढोलाचा सराव चालतो त्या मिनिआपोलिसच्या हॉलमध्ये जाऊन मागच्या खुर्चीवर बसतोयस, मित्राच्या मामाने अजून काठी हातात दिली नाही, आणि पाच वर्षं पथकात ताशा वाजवलेल्या माणसाला हे लागलंय. लागू दे. पण त्याच मेसेजात खाली एक ओळ होती. मित्र म्हणतो, या ढोलाने मला माणसात आणलं. आणि एका ढोलात असं काय असतं ते तुला समजत नाही. पत्र त्या ओळीसाठी लिहितोय.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाक. तुझ्या मेसेजात ‘ढोल वाजवणारे’ हा शब्द सहा वेळा आलाय. ती माणसं स्वतःला वादक म्हणवत नाहीत, गायक म्हणवतात. ‘ड्रम’ म्हणजे ते वाद्य आणि ‘ड्रम’ म्हणजेच त्याभोवती बसलेला संच. पण काम गाण्याचं. पॉवावमध्ये, म्हणजे त्यांच्या नाच-गाण्याच्या मेळाव्यात, ‘आज कुठला ड्रम आहे’ असं विचारलं की उत्तरात गायकांच्या संचाचं नाव येतं. काठी गळ्याच्या सोबतीला असते. तुझं लक्ष चार आठवडे हातांकडे आहे, म्हणून तुला काहीच ऐकू आलेलं नाही.

पोवाड्यातला झीलकरी आठव. शाहीर ओळ टाकतो, तो उचलतो. शाहिराचा श्वास संपत येतो तिथे याचा सुरू होतो, आणि ऐकणाऱ्याला फट कळत नाही. त्या हॉलमध्ये नवख्याचं काम नेमकं हेच आहे. तिथे त्याला ‘सेकंड करणं’ म्हणतात. मी झील धरणं म्हणेन, तुला पटकन कळेल.

गाण्याची बांधणी अशी. म्होरक्या एकटाच वरच्या सुरात सुरुवातीची ओळ टाकतो. ती संपता संपता बाकीचे तीच ओळ उचलतात. मग सगळे मिळून गाण्याचा मुख्य भाग गातात, तो पायऱ्या उतरल्यासारखा खाली खाली येतो. तो भाग पुन्हा एकदा होतो, या वेळी म्होरक्याच्या ओळीशिवाय. हे झालं एक आवर्तन. त्याला ‘पुश-अप’ म्हणतात. साधारणपणे अशी चार. शेवटी क्षणभर थांबून मुख्य भागाचा तुकडा परत घेतात, ती शेपटी. पुढच्या आवर्तनाला म्होरक्या बदलू शकतो, म्हणून कोण मान वर करतोय इकडे डोळा हवा.

आता बिघडतं कुठे ते बघ. नवखा सभ्यपणे म्होरक्याची ओळ पूर्ण संपायची वाट बघतो आणि मग उचलतो. झाली फट. तेवढ्या फटीत नाचणाऱ्यांचा पाय अडतो. दुसरी चूक याहून वाईट: घाबरून तो सूर जरा खाली धरतो. चाल उतरतीची आहे. वरून जिथे सुरू होते तिथून ती सप्तकभर, कधी त्याहूनही खाली येते. तू वरचाच सूर खाली ओढलास तर तळाला कोणालाच जागा उरत नाही, नुसती गुरगुर ऐकू येते. चौथ्या आवर्तनापर्यंत गाणं कोसळतं. तिसरी चूक अक्षरांची. पुष्कळ गाण्यांत अर्थाचे शब्द नसतात, ‘हे’, ‘या’, ‘वे’, ‘हो’ अशी अक्षरं असतात. तुला ती तोंडाला येतील तशी वाटतात, पण ती ठरलेली असतात; कुठे ‘या’ आणि कुठे ‘वे’ हे गाण्यागणिक पक्कं. आठ जणांत एकाने चुकीचं तोंड उघडलं की सुराला गढूळपणा येतो. तराणा गाताना ‘दीम’च्या जागी कुणी ‘तोम’ म्हणून बघावं, तसं.

म्हणून म्हणतो, झील धर. काठी मागू नकोस.

ठोक्याचंही सांगतो, नाहीतर तुझं मन तिकडेच धावणार. ढोल साधारण 26 ते 32 इंच व्यासाचा, लाकडी घेराचा, दोन्ही बाजूंना कच्चं कातडं वादीने आवळलेलं. कातडं गाईचं, बायसनचं, एल्कचं किंवा मूसचं. जुन्या ढोलांत लाकडी धुण्याच्या टबाला कातडं ताणलेलंही सापडतं, त्यात कमीपणा नाही. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं आणि आवाज पोकळ, मऊ येतो. उन्हात ठेवलं की ताणून टणटण वाजायला लागतं. उघड्या मैदानात सकाळचा ढोल आणि दुपारचा ढोल एक नसतो. प्रत्येकाकडे एकच काठी, टोकाला गुंडाळी आणि त्यावर चामडं. तुझ्या ताशाच्या काड्या घरी राहू देत. त्या सवयीने मनगट कडक होतं आणि सगळ्यांच्या ठोक्यात तुझी एक ‘टक’ वेगळी उठते.

आणि सगळ्यांत कठीण गोष्ट: गळा ठोक्यावर बसत नाही. गाणं ठोक्याच्या किंचित मागे, आडव्या अंगाने चालतं. पथकात आपण हात आणि टोल एकमेकांना चिकटवायला शिकतो, इथे ते सुटे ठेवायला शिकावं लागतं. हात सरळ चालतोय आणि आवाज त्याच्यावरून तरंगतोय, हे जमायला महिने जातात. हात आधी शिकलास तर गळा कायमचा त्याला बांधला जाईल. मामा काठी देत नाही त्याचं हे कारण असणार. तुझा अपमान करण्यात त्याला काय रस असेल?

म्होरक्याच्या ओळीला ठोका हलका, सगळे गायला लागले की भरीव. मध्येच मोजके जोरकस ठोके येतात, ते मानाचे. ओक्लाहोमाकडच्या दक्षिणी गायकीत ते मुख्य भाग आणि त्याची पुनरावृत्ती यांच्या मध्ये येतात. उत्तरेत गाण्याच्या आतच, एक सोडून एक ठोक्यावर. त्या क्षणी पारंपरिक पोशाखातल्या बायका हातातला पिसांचा पंखा वर करतात. तू उत्साहाने एखादा ठोका जोरात हाणलास तर रिंगणातल्या पन्नास-साठ बायकांना खोटी खूण केलीस. शेवटच्या ठोक्याला नाचणाऱ्याचा पाय जमिनीवर थांबायला हवा. स्पर्धेत एक पाऊल पुढे पडलं की गुण जातात. त्यांचा सगळा भरवसा ढोलावर.

कान तयार करायला एक काम देतो. कॅनडातल्या अल्बर्टामधल्या सॅडल लेकचा, 1982 साली सुरू झालेला नॉर्दर्न क्री हा संच ऐक, आणि मग ओक्लाहोमाच्या कायोवा जमातीतल्या एका कुटुंबाचा कोझॅड. पहिल्यात आवाज टिपेला, ताणलेला. दुसऱ्यात खालच्या पट्टीत, भारदस्त, आणि मागे बसलेल्या बायका वरच्या सप्तकात झील धरतात. हो, तिथेही झीलच. बायकांनी ढोलावर बसावं की मागे उभं राहावं यावर प्रत्येक समाजाचा रिवाज वेगळा आहे, सगळ्या बायकांचे ढोलही आहेत. तू त्यात मत देऊ नकोस.

आता तुझ्या मित्राचं. ‘माणसात आणलं’ हे वाक्य तुला भाबडं वाटलं, हे तुझ्या लिहिण्यातून दिसतं. जरा हिशेब कर. अमेरिकेत 1883 च्या नियमांनी मूलनिवासींचे नाच आणि विधी गुन्हा ठरवले. कॅनडात तसले निर्बंध कायद्यातून 1951 मध्ये गेले. 1879 साली मूलनिवासी पोरांसाठी कार्लाइलची निवासी शाळा सुरू झाली, मग तशा कितीतरी, आणि त्यांत पोरांची भाषा तोंडातून काढून घेतली. 1950 च्या दशकात सरकारने कुटुंबांना राखीव जमिनी सोडून शहरांत जायला भाग पाडणारी धोरणं आणली, आणि मिनिआपोलिसमध्येही अशी कुटुंबं आली. म्हणजे तुझ्या मित्राच्या पणजोबाला गायची बंदी, आजोबाला बोलायची, आणि वडिलांना गावच नाही. अशा घरातला पोरगा गुरुवारी संध्याकाळी कुठे जातो? त्याला जागा देणारा, ‘आठवड्यात तू आला नाहीस तर आपली झील उघडी पडते’ असं सांगणारा कोणीतरी लागतो. दारू पिऊन ढोलाला हात लावायचा नाही, हा नियम बहुतेक ढोलांवर कडक आहे. मग दर आठवड्याला एक संध्याकाळ तरी कोरडी जाते, आणि पॉवावच्या हंगामात शुक्रवार ते रविवार तिन्ही दिवस. आजीच्या ओजिब्वे भाषेचा धडा ज्याने कधी उघडला नसता, तो गाण्यातल्या चार ओळींचे उच्चार तिच्यासमोर घोटतो, कारण त्या तिच्यासमोरच गायच्या असतात. कुणी पदवीधर झालं, सैन्यातून परतलं, वारलं, की संचाला बोलावणं येतं. सन्मानगीत सुरू होतं, घरचे उठून उभे राहतात. ‘आपलं काय काम आहे?’ या प्रश्नाचं उत्तर त्याला विचार करून सापडलेलं नाही. झील धरता धरता ते त्याच्या अंगाला लागलंय. तू मात्र आधी अर्थ समजावून मागतोस आणि मग बसेन म्हणतोस! इथेच माझा धीर सुटतो.

तू हेही विचारलंस, की परक्या माणसाने बसावं का, ही लूट तर होणार नाही ना. प्रश्न चांगला आहे, पण मला विचारू नकोस. तो ढोल ज्याच्या ताब्यात आहे त्याला विचार, आणि ‘नाही’ आलं तर आनंदाने मागे उभा राहा. मागे उभं राहून हलक्या आवाजात झील धरणाऱ्यालाही संच मोजतो. मी स्वतः मागच्या रांगेतच राहिलो, काठी कधी मागितली नाही. कुणी याला भित्रेपणा म्हणतं. म्हणू दे. त्या रांगेतून चाळीसएक गाणी पाठ झाली, हे काही थोडं नव्हे. एक चुटपुट आहे ती वेगळीच: सुरुवातीची कितीतरी वर्षं मी टेपवर भरवसा ठेवला, आणि टेपवर जे आहे ते पाठ व्हायचंच राहिलं.

म्हणून रेकॉर्डिंगचं ऐक. गायकही फोन काढतात, पूर्वी ढोलाभोवती कॅसेट रेकॉर्डर ठेवलेले असत, ही रीतच आहे. पण विचारून. गाणं बांधणाऱ्याचं किंवा एखाद्या घराचं असतं. कुणाच्या आजोबांचं सन्मानगीत उचलून तुमच्या गणेशोत्सवाच्या फ्यूजनमध्ये घातलंस, तर मित्राला त्या हॉलमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. निवेदक ‘हे रेकॉर्ड करू नका’ म्हणाला की फोन खिशात. आणि ‘रेड इंडियन’ हा शब्द आपल्या शाळेच्या पुस्तकात ठेवून ये. ओजिब्वेंना ओजिब्वे म्हण, डकोटांना डकोटा.

पुढच्या गुरुवारी असं कर. स्वतःची घडीची खुर्ची ने. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसू नकोस, ती कोणाची तरी ठरलेली असते. तंबाखूची पुडी ने आणि ज्याच्याकडून शिकायचंय त्या मामाच्या हातात दे. का, ते मित्र सांगेल. ढोलावर कप, फोन, कोपर काहीही टेकवू नकोस, त्याच्यावरून हात लांबवून काही घेऊ नकोस, आणि सगळे जेवायला उठले तर ढोलापाशी तू थांब, तो एकटा सोडत नाहीत. एकच गाणं धर. त्याची पहिली ओळ घरी शंभर वेळा म्हण, पण म्होरक्यासारखी नाही. ती संपायच्या अर्धा श्वास आधी तोंड उघडायची सवय लाव. वरच्या सुराला घसा घोटू नकोस, पोटातून घे, नाहीतर रविवारी दुपारपर्यंत आवाज बसेल. गाणं कुठल्या नाचाचं आहे ते विचार: गोल नाचाला ठोका जड-हलका पडतो, दबा धरायच्या नाचाला आधी थरथरता ठोका आणि मग सरळ. हे सगळं मांडीवर बोटाने धर, टेबलावर नको, आवाज होतो.

आणि मामाने काठी पुढे केलीच, तर लगेच घेऊ नकोस. त्या गाण्याची झील तुला येते का, ते आधी स्वतःला विचार. येत नसेल तर ‘अजून नाही’ म्हण. कॉफीचा थर्मास भरून ने, साखर वेगळी.

तुझा,
मागच्या रांगेतला काका