ताबा १९५४ चा, सातबारा १९६२ चा

प्रश्न: १५ ऑगस्टला जोडून आम्ही पाँडिचेरीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी १६ तारखेला पण सुट्टी! हॉटेलवाला म्हणाला 'डी ज्यूरे डे', पण म्हणजे काय ते त्यालाही धड सांगता येईना. फ्रेंच तर १९५४ लाच गेले ना?

उत्तर: गेले १९५४ लाच, तुमचं बरोबर आहे. पण ज्याने कधी जमिनीचा व्यवहार केलाय त्याला पटकन कळेल, ताबा मिळणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव चढणं वेगळं. २१ ऑक्टोबर १९५४ ला दिल्लीत समझोता झाला आणि १ नोव्हेंबरला पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम या चारही फ्रेंच वसाहतींचा कारभार भारताकडे आला. हा झाला ताबा, डी फॅक्टो, म्हणजे प्रत्यक्षात. मग २८ मे १९५६ ला नेहरू आणि फ्रान्सचे राजदूत ओस्त्रोरोग यांनी तहावर सह्या केल्या, एकतीस कलमांचा तह. आणि तो फ्रान्सच्या पार्लमेंटने मंजूर करून दोन्ही सरकारांनी मंजुरीचे कागद एकमेकांना दिले ते थेट १६ ऑगस्ट १९६२ ला. हा झाला सातबारा, डी ज्यूरे, म्हणजे कायद्याने, आणि तीच तुमची सुट्टी. म्हणजे पावणेआठ वर्षं कारभार आपला आणि कागदावर मालक फ्रान्स!

एवढा उशीर का, तर त्याचं उत्तर पाँडिचेरीत नाहीच, ते तेव्हा फ्रान्सच्याच ताब्यात असलेल्या अल्जीरियात आहे. मे १९५४ मध्ये व्हिएतनाममधे दिएन बिएन फूला फ्रान्सचा सपाटून पराभव झाला, पंतप्रधान मेंदेस फ्रान्स यांनी तिकडची लढाई आवरती घेतली आणि इकडे भारतातली ही चार ठिकाणंही सोडायची तयारी दाखवली. इथपर्यंत सगळं सुरळीत. पण योगायोग बघा, ज्या १ नोव्हेंबरला पाँडिचेरीचा कारभार आपल्याकडे आला त्याच दिवशी अल्जीरियात बंड पेटलं. आता पॅरिसमधला कुठला पुढारी उभा राहून म्हणणार की चला, एक मुलूख देऊन टाकू? मग अल्जीरियावाले म्हणणार आम्हाला का नाही. तह पडला फायलीत. जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि पुढच्याच महिन्यात आपलं काम झालं. आपला देश तेव्हा कोवळा होता, आदळआपट करता आली असती, पण ताबा हातात असल्यावर कागदासाठी थांबायला काय जातंय, हा हिशोब मला तरी पटतो.

प्रश्न: फक्त १७८ लोकांच्या मतदानावर सगळा प्रदेश भारतात आला असं वाचलं. लाखो लोकांचं भवितव्य १७८ जण ठरवणार? हे लोकशाहीत बसतं का?

उत्तर: आकडा बरोबर आहे. १८ ऑक्टोबर १९५४, जागा कीळूर, पाँडिचेरीजवळचं छोटंसं खेडं. प्रतिनिधी सभेचे आणि नगरपालिकांचे निवडून आलेले १७८ सदस्य तिथे जमले, १७० जणांनी भारताच्या बाजूने मत दिलं, ८ जणांनी विरोधात. माहे आणि यानम तर त्याआधीच, त्याच वर्षीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात, आंदोलकांच्या हातात आले होते.

मुळात १९४८ मध्ये ठरलं होतं की सगळीकडे जनमत घ्यायचं. बंगालमधल्या चंद्रनगरात ते झालंही, जून १९४९ मध्ये, भारताच्या बाजूने ७४६३ आणि विरोधात ११४ मतं! बाकी चार ठिकाणी मात्र ते झालंच नाही, कारण तिथल्या दहशतीत मोकळं मतदान होणार नाही असं भारताचं म्हणणं. आणि फ्रान्सची अडचण अशी की त्यांच्या १९४६ च्या राज्यघटनेत स्पष्ट होतं, तिथल्या लोकांच्या संमतीशिवाय कुठलाही मुलूख देता येणार नाही. म्हणजे मतदान पाहिजेच, पण जनमत तर नको. मग मधली वाट निघाली, लोकांनी निवडलेल्यांनी मत द्यायचं.

लोकशाहीत बसतं का? जेमतेम बसतं असं मी म्हणेन. त्यातल्या कित्येकांनी, एदुआर गुबेर सारख्या बड्या नेत्याने सुद्धा, काही महिन्यांपूर्वीच फ्रान्सची बाजू सोडून टोपी फिरवली होती, त्यामुळे निकाल काय लागणार ते कीळूरला जायच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं.

प्रश्न: मग गोव्यात सैन्य का घातलं, तिथेही तह करायचा होता.

उत्तर: तहाला दोन लागतात हो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची भूमिका अशी की गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचा प्रांत आहे, मग बोलणार कशावर? डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य गेलं. गंमत म्हणजे तिथेही शेवटी तह झालाच, १९७४ च्या डिसेंबरात, लिस्बनमधली हुकूमशाही त्याच वर्षी पडल्यावर.

प्रश्न: पाँडिचेरीत भारतीय दिसणारे, तमिळ बोलणारे लोक फ्रेंच पासपोर्ट बाळगतात आणि फ्रान्सच्या निवडणुकीत मत देतात. हे कसं काय?

उत्तर: हे पण त्या १९५६ च्या तहातूनच आलंय. जे पाँडिचेरीत जन्मले आणि तिथेच राहत होते ते तह लागू झाला त्या दिवशी आपोआप भारतीय झाले. फ्रेंच राहायचं असेल तर सहा महिन्यांच्या आत लेखी कळवायचं. काही हजार लोकांनी तसं लिहून दिलं, बाकीच्यांपैकी कितीतरी जणांनी काहीच केलं नाही, आणि काहीच न करणं म्हणजे भारतीय होणं हे अनेकांना नंतर कळलं. उलट जो जन्माला पाँडिचेरीत आला पण त्या दिवशी व्हिएतनाममधल्या सायगॉनला किंवा पॅरिसला राहत होता तो आपोआप फ्रेंचच राहिला, त्याला भारतीय व्हायचं असेल तर त्याने लिहून द्यायचं. म्हणजे समजा दोन सख्खे भाऊ, एक घरी शेती बघतोय, दुसरा फ्रेंच फौजेतून निवृत्त होऊन पॅरिसला स्थायिक झालाय, दोघांनीही कुठे सही केली नाही, तरी १६ ऑगस्ट १९६२ च्या सकाळी एक भारतीय आणि एक फ्रेंच. तुम्हाला भेटलेले बहुतेक अशाच कुणाची तरी मुलं-नातवंडं असणार.

आणि त्याच तहात असंही लिहिलंय की या प्रदेशाच्या दर्जात बदल करायचा तर आधी लोकांची इच्छा जाणून घ्यायची. १९७९ मध्ये दिल्लीतून तमिळनाडूत विलीन करायची भाषा झाली तर पाँडिचेरी रस्त्यावर उतरली होती. आजही ती केंद्रशासित आहे, माहे केरळच्या पोटात, यानम आंध्रच्या पोटात, आणि पोलिसांच्या डोक्यावर तीच लाल फ्रेंच टोपी.