नवीन लेखामानक लागू करताना कंपनीत नेमकं काय काय करावं लागतं? वर्षअखेरीला बसून होतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की १ जानेवारी २०२७ पासून तुम्हाला आयएफआरएस १८ (नफा-तोटा पत्रकाची रचना बदलणारं आंतरराष्ट्रीय लेखामानक) लागू होतंय आणि तुमचे साहेब म्हणतात, "फक्त फॉरमॅट बदलतोय, वर्षअखेरीला बघू." हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. २०१८ साली मला हेच ऐकवलं गेलं होतं. तेव्हा 'फॉरमॅट'च्या जागी 'जर्नल एंट्री' होती, एवढाच फरक.

तेव्हाचा विषय आयएफआरएस १६, म्हणजे लीज, भाडेकरार. भाड्याच्या जागेचा किंवा गाडीचा वापरहक्क मालमत्ता म्हणून आणि उरलेलं भाडं देणं म्हणून ताळेबंदात दाखवायचं. मानक जानेवारी २०१६ मध्ये आलं, लागू व्हायचं होतं जानेवारी २०१९ ला. तीन वर्षं हातात होती. त्यातल्या दोन ताळेबंदांत आम्ही "परिणामांचा अभ्यास सुरू आहे" असं छापलं, कारण येऊ घातलेल्या मानकाबद्दल काहीतरी लिहिणं आयएएस ८ या दुसऱ्या लेखामानकानुसार आवश्यक असतं. अभ्यास कोणीही सुरू केलेला नव्हता. शेवटचे सात महिने उरले तेव्हा काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिला महिना हिशेबात गेलाच नाही, करार शोधण्यात गेला. भाडं दरमहा खर्ची पडत होतं, पण करार कोणाकडे? काही प्रशासनाच्या कपाटात, काही खरेदी विभागाकडे, काहींवर सह्या करणारे नोकरी सोडून गेलेले. वाहतुकीच्या कंत्राटात काही गाड्या फक्त आमच्यासाठी राखलेल्या निघाल्या. ते लीज होतं की सेवा, हे पूर्वी कोणी तपासलंच नव्हतं, कारण दोन्ही खर्चातच जायचं. मानकात "पूर्वीचा निर्णय तसाच ठेवा" अशी सवलत आहे, पण आमच्याकडे तसाच ठेवायला पूर्वीचा निर्णय तर हवा! मुदतवाढीच्या कलमांचंही तेच. जागा पुढची पाच वर्षं ठेवणार की सोडणार, हे अकाउंट्सवाल्याने ठरवायचं नसतं, आणि धंदा बघणारे मेलला उत्तर देत नाहीत.

आता खरं भांडण. आयएफआरएस १६ पहिल्यांदा लागू करण्याच्या 'मॉडिफाइड' पद्धतीत जुने आकडे बदलावे लागत नाहीत, पण प्रत्येक ऑपरेटिंग लीजसाठी (म्हणजे जिचं भाडं पूर्वी सरळ खर्चात जायचं) एक निवड असते. मालमत्ता देण्याएवढीच धरा, किंवा लीज सुरू झाल्यापासून हे मानक होतंच असं समजून मालमत्ता मोजा आणि फरक सुरुवातीच्या रिझर्व्हमधून, म्हणजे मागच्या साठलेल्या नफ्यातून, वळता करा. उदाहरण घ्या. १० वर्षांचं लीज, वर्षाअखेरी १०० भाडं, दर १० टक्के, ६ वर्षं संपलेली. उरलेल्या ४ वर्षांच्या भाड्याचं आजचं मूल्य, म्हणजे देणं, येतं ३१७. पहिल्या रस्त्याने मालमत्ताही ३१७, म्हणजे पहिल्या वर्षी घसारा ७९ आणि व्याज ३२, एकूण १११. दुसऱ्या रस्त्याने मालमत्ता २४६, रिझर्व्हला ७१ चा फटका, पण पहिल्या वर्षीचा खर्च ६१ अधिक ३२, म्हणजे ९३. जुन्या पद्धतीने तो १०० होता.

मी म्हणत होतो, मोठी आणि जुनी लीज दुसऱ्या रस्त्याने घ्या, त्यांचे कागद आहेत. आमचे साहेब म्हणाले, "सगळ्यांना एकच नियम, सोपं ठेव." मी हे गणित एका पानावर मांडून दिलं. त्यांनी ते वाचलं की नाही, देव जाणे. पुढच्या वर्षी बोर्डासमोर हेच साहेब म्हणाले की नवीन मानकामुळे नफा घटला. मानकाने नव्हे, निवडीने घटला! आणि त्याच सादरीकरणात ईबिट्डा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) वाढल्याचं श्रेय मात्र व्यवस्थापनाला. भाडं खर्चातून उठून घसारा आणि व्याजात गेलं की ईबिट्डा वाढतोच, त्यात कर्तबगारी कसली?

तुमच्या प्रश्नाकडे येतो. आयएफआरएस १८ मध्ये अशी निवड नाही, ते पूर्वलक्षी पद्धतीनेच लागू होतं. म्हणजे २०२७ च्या पत्रकात शेजारी २०२६ चे आकडेही नव्या रचनेत हवेत. उत्पन्न-खर्च ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग, फायनान्सिंग अशा कप्प्यांत जातात. आयकर आणि बंद केलेला धंदा वेगळे. सोपं वाटतं. पण तुमच्या लेजरमध्ये विदेशी चलनातल्या नफा-तोट्याचं एकच खातं असेल, बहुतेकांचं असतं, तर ते फोडावं लागेल. ग्राहकाच्या येण्यावरचा फरक एका कप्प्यात, कर्जावरचा दुसऱ्या. २०२६ मध्ये खाती फोडली नाहीत तर २०२७ मध्ये मागे जाऊन व्हाउचर उकरावी लागतील. शिवाय 'समायोजित नफा' वगैरे जे आकडे साहेब गुंतवणूकदारांना सांगतात, त्यातले बरेच आता टिपेत येतील आणि त्यांचं ऑडिट होईल. हे साहेबांना आजच सांगा, 'फक्त फॉरमॅट' लगेच बंद होईल.

सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई करू नका. सल्लागाराच्या चाळीस स्लाइड्सपेक्षा तुमच्याच ट्रायल बॅलन्सवर (सगळ्या खात्यांच्या शिलकींच्या यादीवर) रंगीत पेनने खुणा केलेल्या चालतील. ऑडिटरला मात्र निर्णय घेण्याआधी विचारा. आम्ही सगळ्या लीजना बँकेचा एकच व्याजदर लावून मोकळे झालो होतो. मुदती ३ वर्षांपासून १५ वर्षांपर्यंत होत्या. ऑडिटरने तो दर मान्य केला नाही आणि सगळं पुन्हा मोजावं लागलं.

वरचं लीजचं गणित अमेरिकी मानकांना लावू नका. तिथे ऑपरेटिंग लीजचा खर्च साधारण सरळ रेषेतच राहतो.

आणि एक गोष्ट माझ्या तेव्हाच्या साहेबांच्या बाजूने, नाइलाजाने. बऱ्याच नंतर मला कळलं की आमच्या कर्जकरारात किमान नेटवर्थची (भांडवल अधिक रिझर्व्ह) अट होती, आणि "जुन्या मानकांनीच मोजा" असं कलम त्यात नव्हतं. रिझर्व्हमधून मोठी रक्कम गेली असती तर आम्ही त्या अटीच्या अगदी काठावर आलो असतो. म्हणजे त्यांच्याकडे कारण होतं, आणि चांगलं होतं. म्हणून तुम्ही कर्जाचे करार आधी वाचा, मानक नंतर. पण निवडीचं कारण लिहिलेला मेमो मी तेव्हा दोनदा मागितला होता. फाइलमध्ये त्या जागी अजून माझंच गणिताचं पान लावलेलं आहे.