मेंदूत एका वेळी एकच लहर चालते का?

तुम्ही विचारलंय की अल्फा, संथ थीटा, अतिजलद गॅमा या मेंदूच्या विद्युत लहरी पाळीपाळीने येतात की एकत्र असतात, आणि त्यांचा एकमेकींवर परिणाम होतो का. बरीच वर्षं ईईजी (डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेली या लहरींची नोंद) काढते आहे, त्यावरून सांगते: त्या एकत्रच असतात. ‘आता तुमचा मेंदू थीटामध्ये गेला’ असं ध्यानाच्या अ‍ॅपवर ऐकवतात, ते मला पटत नाही. पेशंटने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला दहाएक लाटा उमटतात, उघडले की ओसरतात. ही अल्फा, हान्स बर्गर यांनी 1929 साली जर्मनीतल्या येना इथून ती जगापुढे मांडली. पण तेव्हाच पुढच्या भागात बारीक, जलद बीटा चालूच असते.

संथ लहरीच्या चढउताराबरोबर त्या भागातल्या पेशी कधी चटकन उद्दीपित होतात, कधी गप्प बसतात. म्हणून जलद लहरीचा जोर संथ लहरीच्या ठरावीक टप्प्यावरच वाढतो. गॅमा डोक्याच्या त्वचेवरून नीट सापडत नाही, कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंचे संकेत तिला झाकतात. त्यामुळे चांगला पुरावा मिळाला तो अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) पेशंटांकडून, ज्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरच उपचारांसाठी इलेक्ट्रोड ठेवले होते. 2006 साली संशोधक कॅनोल्टी, नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा नोंदींत दिसलं की 80 ते 150 हर्ट्झची (सेकंदाला तितक्या लाटांची) गॅमा थीटाच्या खोलगट भागात जोर धरते.

मला सगळ्यात भावते ती गाढ झोप. सेकंदाला एकाहूनही कमी वेळा येणारी मोठी, संथ लाट असते. तिच्या चढत्या भागात मेंदूच्या आत खोल असलेल्या थॅलॅमसमधून निघणारे 12 ते 15 हर्ट्झचे स्पिंडल, म्हणजे लहरींचे छोटे झुबके, येतात, आणि स्पिंडलच्या खोबणींत हिप्पोकॅम्पसचे (आठवणी घडवणाऱ्या भागाचे) रिपल, म्हणजे अतिजलद तरंग, बसतात. तीन लयी एकाच समेवर याव्यात तसं! दिवसभरातलं शिकलेलं पक्कं होण्यात या मेळाचा वाटा आहे, असं मानलं जातं.

वय वाढलं की हा मेळ सैल पडतो. 2018 च्या एका अभ्यासात वृद्धांचे स्पिंडल संथ लाटेच्या शिखराआधीच येऊन जात होते. ज्यांचा मेळ जास्त बिघडलेला, त्यांना आदल्या संध्याकाळी पाठ केलेल्या शब्दजोड्या सकाळी कमी आठवल्या. फरक सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा असतो. रात्रीची नोंद नुसती चाळून तो मलाही दिसत नाही, त्यासाठी शेकडो लाटांची सरासरी काढावी लागते.